ताकदीचं सलाईन लावण्याआधी फॉस्फेट बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागे तुमच्या पेपरात पेशंटच्या आहारावर पानभर आलं होतं, प्रोटीन पावडर, सूप, ज्यूस सगळं होतं पण आयसीयूतल्या पेशंटच्या रक्तातल्या फॉस्फेट, मॅग्नेशियमसारख्या मिनरलबद्दल एक ओळ नव्हती म्हणून लिहितेय.

आमचे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, न्यूमोनियाने आजारी पडले त्याआधी पंधरा दिवस नुसत्या चहावर होते. आधीच काटक माणूस, वजन 45 किलो. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं आणि आम्हीच मागे लागलो की डॉक्टर ताकदीचं सलाईन लावा, नळीतून काहीतरी द्या, माणूस उपाशी आहे. खोटं कशाला बोलू, मीच सगळ्यात जास्त कटकट केली. त्यांनी पण ग्लुकोजच्या बाटल्या लावल्या आणि नळीतून एकदम वाटी वाटी दूध सुरू केलं. तिसऱ्या दिवशी अण्णांना धाप लागली, हातपाय गळाले, मान पण उचलेना. आम्हाला वाटलं न्यूमोनिया वाढला. रिपोर्टमध्ये सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड होतं, पोटॅशियम थोडं कमी होतं, बाकी ठीक म्हणाले.

मग जिल्ह्याला हलवलं. तिथे पहिल्याच तपासणीत फॉस्फेट 1.2 निघालं, पाहिजे साधारण 2.5 ते 4.5. मॅग्नेशियम पण कमी. तिथल्या सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ताई, उपाशी शरीरात एकदम साखर गेली की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम सगळं पेशींच्या आत ओढलं जातं, रक्तात उरत नाही. श्वासाच्या स्नायूंना फॉस्फेट लागतं, हृदयाच्या ठोक्याला पोटॅशियम. आणि मॅग्नेशियम कमी असलं तर पोटॅशियम कितीही द्या, वर येत नाही. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेले उपाशी कैदी पोटभर जेवल्यावर दगावले तेही यानेच. आणि आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं!

मग सलाईनमधून फॉस्फेट, मॅग्नेशियम हळूहळू दिलं, थायमिनचं, म्हणजे बी-1 व्हिटॅमिनचं, इंजेक्शन दिलं (ते खरं तर ग्लुकोजच्या आधीच द्यायचं असतं) आणि नळीतून द्यायचं फीड कमी केलं, दर दोन तासांनी 50 एमएल, दिवसाच्या जेमतेम पाचशे कॅलरी. माझी नणंद रडायलाच लागली की एवढ्यात माणूस कसा जगेल. पण हिशोब साधा आहे, अशा पेशंटला सुरुवातीला किलोला दहा कॅलरीच्या आसपास, रोज रक्त बघत चार-सात दिवसांत वाढवत न्यायचं. आमच्या शेजारच्या जैन काकू अठाईचं, म्हणजे आठ दिवसांच्या उपासाचं, पारणं मुगाच्या पाण्याने करतात ते बघत आलेय मी वर्षानुवर्षं, तरी आयसीयूच्या दारात अक्कल गेली कुठे कोण जाणे.

आणि याचा अर्थ कुणी असा काढू नका की सगळ्यांनाच मिनरलच्या गोळ्या ठोसा. कोविडमध्ये झिंकच्या पट्ट्या घरोघरी होत्या, आठवतंय ना? 2013 साली बाराशेवर अतिगंभीर पेशंटवर एक मोठी ट्रायल झाली, त्यात सेलेनियम, झिंकच्या जादा डोसचा काही फायदा दिसला नाही. किडनीच्या पेशंटला तर प्रेमाने आणलेलं नारळपाणी पण घातक ठरू शकतं, त्यात पोटॅशियम असतं. म्हणजे आधी मोजा, मग द्या.

माझी तक्रार एकच आहे, आपल्याकडे इलेक्ट्रोलाईट, म्हणजे रक्तातल्या क्षारांची टेस्ट, म्हटलं की बहुतेक तीनच आकडे येतात, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम वेगळं लिहून द्यावं लागतं आणि कुणी लिहीत नाही. पाचपेक्षा जास्त दिवस न जेवलेला पेशंट असेल तर नळी सुरू करण्याआधी या दोन टेस्ट व्हाव्यात, आणि नातेवाईकांनी ग्लुकोजचा हट्ट धरण्याआधी फॉस्फेट किती हे विचारावं. तुमच्या आरोग्याच्या पानावर एखाद्या आयसीयूच्या डाएटिशियनकडून हे नीट लिहून घ्याल का? अण्णा आता घरी आहेत, रोज पेपर वाचतात, त्यांनीच सांगितलं लिही म्हणून.

आपली नम्र,
एक वाचक, सोलापूर जिल्हा