जॉगिंग ट्रॅकवर मीटरच्या खुणा हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य शिबिरांत हल्ली ‘सहा मिनिटांची चाल’ मोजून पन्नाशी-साठीच्या लोकांच्या हातात फिटनेसचा आकडा दिला जातो. ही चाचणी रूढ झाली ती मुख्यतः फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या रुग्णांसाठी. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे तिला ३० मीटरचा सरळ, सपाट पट्टा लागतो. मांडवाच्या कडेला मिळते दहा मीटर जागा. ६०० मीटर चालणारा माणूस ३० मीटरच्या पट्ट्यावर साधारण २० वेळा वळतो, १० मीटरच्या पट्ट्यावर ६० वेळा. दर वळणाला वेग तुटतो, मीटर कमी भरतात आणि धडधाकट माणूस अशक्त ठरतो.

जागा पुरेशी असली तरी निरोगी माणसाला ही चाचणी तोकडीच पडते. धावायला मनाई असल्याने चालीचा वेग एका मर्यादेपुढे जात नाही. त्यामुळे रोज पांडवलेणीच्या पायऱ्या चढणारा आणि फक्त संध्याकाळचा फेरफटका मारणारा, दोघांचे आकडे जवळजवळ सारखे येऊ शकतात.

अशांसाठी एक मैलाची, म्हणजे १६०९ मीटरची रॉकपोर्ट चाचणी बरी. ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली, ३० ते ६९ वयोगटासाठी. न धावता, जमेल तितक्या झपाट्याने मैल चालायचा. वेळ आणि थांबल्याबरोबरची नाडी लिहून घ्यायची. गणित असे: १३२.८५ मधून वजन (किलो) गुणिले ०.१७, वय गुणिले ०.३८८, मिनिटे गुणिले ३.२६५ आणि नाडी गुणिले ०.१५६५ वजा करा. पुरुषांनी शेवटी ६.३ मिळवा. ५५ वर्षांच्या, ६४ किलो वजनाच्या बाईंनी १७ मिनिटे घेतली आणि नाडी १३० भरली, तर उत्तर २४.८ येते. म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे २५ मिलिलिटर ऑक्सिजन त्यांचे शरीर वापरू शकते. १७ मिनिटे ३० सेकंद झाली तर १७.५ लिहायचे, १७.३० नव्हे, ही चूक फार होते.

नाडी थांबल्यावर लगेच उतरू लागते, म्हणून पाच सेकंदांच्या आत मोजायला घ्यावी. १५ सेकंद मोजून चारने गुणावे. पण खरी गोम अंतरात आहे. या सूत्रात एका मिनिटाची चूक नाडीच्या तब्बल २१ ठोक्यांच्या चुकीइतकी महाग पडते. बंद ट्रॅकवर आतल्या कडेपासून दीड मीटर बाहेरून चाललात, तर फेरीमागे साडेनऊ मीटर वाढतात, मग ट्रॅक कितीही लांबीचा असो. चार फेऱ्यांत ते ३८ मीटर होतात, आणि ताशी सहा किलोमीटरच्या वेगाने त्याला २३ सेकंद लागतात. मोबाइलवर विसंबण्यात अर्थ नाही: झाडांखाली जीपीएस भरकटतो आणि पावले मोजणारे ॲप तुमच्या ढांगेची लांबी अंदाजानेच धरते.

रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर नाडी दबलेली राहते आणि उत्तर फसवे चांगले येते. अशांनी फक्त वेळेची तुलना करावी, गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. छातीत दुखणे, चक्कर, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका यांपैकी काही असेल तर ही चाचणी करूच नये. सूत्र अमेरिकेतल्या लोकांवरून बेतलेले असल्याने शेजाऱ्याशी तुलना नको; दर तीन महिन्यांनी, त्याच ट्रॅकवर, त्याच वेळी, तेच बूट घालून स्वतःचाच आकडा ताडून पाहावा. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्यांनी तर आषाढातच एकदा मोजून घ्यावे, म्हणजे तयारीला वेळ उरतो.

महापालिकेला विनंती आहे की गोल्फ क्लब मैदानासह शहरातल्या सर्व जॉगिंग ट्रॅकची लांबी आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर, मापाच्या चाकाने दोनदा मोजून घ्यावी आणि दर १०० मीटरला न पुसणाऱ्या रंगाने खूण करावी. सुरुवातीची रेषा ठळक हवी. १६०९ मीटर जिथे पुरे होतात तो ठिपका वेगळ्या रंगात असावा, कारण ट्रॅकच्या फेऱ्यांनी मैल क्वचितच नेमका भागतो.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट, नाशिक