इमानीची मेणबत्ती तूच लाव

कॅन्सस सिटी,
१८ डिसेंबर

चि. बाळास,
आईचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज बाबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. १ जानेवारीला क्वान्झाची, म्हणजे इथल्या ब्लॅक लोकांच्या सात दिवसांच्या सणाची, शेवटची मेणबत्ती, इमानीची (विश्वासाची), तू लावावीस आणि विश्वासाबद्दल चार वाक्यं बोलावीस असं आपल्या चर्चच्या सेविका डीकनबाईंनी सांगितलं काय आणि तू लगेच नकार कळवायला निघालास. कारणं दोन. हा सण ख्रिस्ती नाही, आणि तो काढणारा माणूसही धड नाही. दुसरं म्हणजे, आपण कुठले आफ्रिकेचे? फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

पहिल्याबद्दल तू वाचलंस ते खोटं नाही. मौलाना करेंगा नावाच्या ब्लॅक कार्यकर्त्यानं १९६६ साली लॉस एंजलिसमध्ये हा सण सुरू केला. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये तिथला ब्लॅक वस्तीचा वॉट्स भाग दंगलीत सहा दिवस पेटलेला होता, ३४ माणसं गेली होती. त्या काळात करेंगा ख्रिस्ती धर्माला गोऱ्यांचा धर्म म्हणून झिडकारत होते. पुढे १९७१ साली दोन स्त्रियांच्या छळाबद्दल कोर्टानं त्यांना दोषी ठरवलं. हे झाकायचं काही कारण नाही, आणि मी तर बाईमाणूस, मी ते विसरायची नाही. १९९७ साली त्यांनीच लिहिलं की क्वान्झा कुणाच्या धर्माला पर्याय म्हणून काढलेला नाही. पण सण एकदा लोकांच्या स्वयंपाकघरात शिरला की काढणाऱ्याच्या हातात राहत नाही रे. डीकनबाईंच्या घरी नाताळचं झाड आणि सात मेणबत्त्यांचा 'किनारा' (क्वान्झाचा दीपस्तंभ) एकाच टेबलावर असतो, आणि त्यांना त्यात काही अडचण वाटत नाही. २५ तारखेला ख्रिस्तजन्म, २६ पासून क्वान्झा. कोणी कोणाची जागा घेत नाही.

शिवाय तारीख बघ. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री ब्लॅक लोक चर्चांमधून जागत बसले होते, कारण दुसऱ्या दिवशी लिंकनचा बंडखोर राज्यांतली गुलामी संपवणारा जाहीरनामा लागू होणार होता. म्हणून आजही त्यांच्याकडे ३१ ची रात्रीची उपासना इतकी मोठी असते. नगरला आम्हीही ३१ ला रात्री उपासनेला जायचो, पण थंडीत कुडकुडत आणि अर्धवट झोपेत. इथे ब्लॅक चर्चांत बसलेल्यांच्या पणजोबांनी ती रात्र खरोखर मोजली होती. त्याच १ जानेवारीला इमानीची मेणबत्ती लागते. आता हे ख्रिस्ती नाही असं तू डीकनबाईंना तोंडावर सांगून दाखव.

दुसरं कारण मला जास्त पटतं, म्हणून त्यावर जरा थांबते. हा सण आपला नाही, बरोबर. आपण तिथे पाहुणे. पण आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सर्वांना दार उघडं आहे म्हटल्यावर काहीजणांना वाटतं की सगळं सगळ्यांचं करून टाकावं. मागे एका बैठकीत एकानं सुचवलं की 'क्वान्झा' नाव काढून 'विविधतेचा सप्ताह' म्हणू या, म्हणजे कुणाला परकं वाटणार नाही. माझं डोकंच फिरलं. ज्यांची नावंसुद्धा मालकांनी बदलली होती, त्यांच्या सणाचं नाव आता आपण बदलायचं? अरे, आपल्या मंडळीत दोन पुरुषांचा संसार आहे, व्हीलचेअरवरचे आजोबा आहेत, आपण आहोत. प्रत्येकजण आपापल्या नावानिशी आत आला, मग ब्लॅक माणसांनीच तेवढं नाव दारात ठेवून का यायचं?

हे मला चटकन कळतं ते नगरमुळे. १८३१ साली तिथे आलेले अमेरिकन मिशनरी ज्या पंथाचे, त्याच पंथाच्या मंडळीत आपण इथे बसतो. त्यांनी शाळा दिल्या, दवाखाने दिले, सगळं खरं, पण गाणी कितीतरी काळ इंग्रजी चालीवरच म्हणवून घेतली. नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन येशूपाशी नेलं, तेव्हा कुठे आपल्या आज्यांना देवाशी आपल्या ठेक्यात बोलता आलं. मृदंग वाजला म्हणून येशू काही उठून गेला नाही.

आणि पाहुणे आहोत, तर पाहुण्यानं यजमानांचे उपकारही ओळखावेत. आपल्या लोकांना या देशाचं दार उघडलं ते १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्यानं, आणि तो कायदा ब्लॅक लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेवर आला. मार त्यांनी खाल्ला, व्हिसा आपल्याला मिळाला.

तुला तांबिकोचंही खटकतं, पूर्वजांची नावं घेऊन पाणी ओततात ते. गेल्या वेळी मी अगदी जवळ उभी होते. डीकनबाईंनी लाकडी प्याल्यातलं पाणी कुंडीतल्या रोपाला घातलं, एकेक नाव घेतलं, लोक 'आशे', म्हणजे 'तसंच होवो', म्हणत गेले. एका नावाशी त्यांचा आवाज अडला, तेव्हा मागून कुणीतरी ते नाव पुरं केलं. पूजा कसली त्यात? बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय काढून वाच, साक्षीदारांचा मेघ, म्हणजे आपल्याआधी विश्वासानं जगून गेलेली माणसं, म्हणजे काय ते कळेल.

बरं, क्वान्झात चटईवर मक्याची कणसं मांडतात, घरातल्या प्रत्येक मुलामागे एक. मी यंदा डीकनबाईंना विचारून शेजारी ज्वारीचं एक कणीस ठेवणार आहे. कॅन्ससमध्ये ज्वारी उदंड पिकते, मंडळीतल्या एका शेतकऱ्यानं आणून दिलं. आपण ज्वारी नगरची समजतो, पण तिचं मूळ सुदानकडचं. बाजरी पश्चिम आफ्रिकेची, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतली. हजारो वर्षांपूर्वी ही धान्यं आपल्याकडे आली आणि आपली भाकरी झाली. डीकनबाई ते कणीस हातात फिरवत म्हणाल्या, आमच्या आजीकडे याचा पाक असायचा, बिस्किटांवर घालायला. त्यामुळे आपण आफ्रिकन झालो असं कुठे बोलू नकोस हं, लोक हसतील.

तर तू ३० ला येच. ३१ ला संध्याकाळी करामूची, म्हणजे क्वान्झाची, मेजवानी आहे. त्यांच्याकडे नव्या वर्षाला चवळी आणि भात लागतोच, म्हणून मी चवळीची उसळ करतेय, गोडा मसाला घालून, तिखट बेतानं. खुर्च्या मांडायला आणि नंतर पातेली घासायला तू आणि बाबा. १ तारखेला चारच वाक्यं बोल, भाषण नको. उजव्या टोकाची हिरवी मेणबत्ती तुझी. कोणी 'हबारी गानी?' (स्वाहिलीत 'काय खबर?') विचारलं तर त्या दिवशीचं उत्तर 'इमानी', 'आय अॅम फाइन' नव्हे.

डीकनबाईंना नकार अजून पाठवला नसशील तर पाठवू नकोस. पाठवला असशील तर त्यांना फोन कर, मेसेज नको.

तुझी,
आई