गादीवाल्या चाचांना, भिंतीवरच्या गाद्यांसाठी

चाचा, सलाम.

तुम्ही भरून दिलेले पॅनल आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत लागले आणि अहिराणी ओव्यांचं, कानबाईच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग सुरूही झालं. हे पत्र दुकानात येऊन तुम्हाला वाचून दाखवणारच आहे. पण अमळनेर-धुळ्याकडे घरच्या घरी रेकॉर्डिंग करू पाहणारे बरेच आहेत, त्यांनाही तुमचं काम कळावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

खोलीला चारी बाजूंनी प्लास्टर, वर स्लॅब, खाली फरशी. टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंतींमध्ये ती 'टर्रर्र' करत राहायची. ओवीतला लांबवलेला सूर पुढच्या शब्दावर सांडायचा. अंड्यांचे ट्रे चिकटवा, असं जो तो सांगत होता. पण तो पातळ पुठ्ठा फार तर वरच्या पट्टीचा आवाज थोडा मऊ करतो. गळ्यातला खालचा, भरीव भाग तसाच घुमत राहतो. त्याला जाडी लागते.

सुताराकडून चार बाय दोन फुटांच्या, चार इंच खोल चौकटी करून मी तुमच्याकडे आलो, सोबत घरातल्या जुन्या गाद्यांचा कापूस. खोलीतला आवाज घुमायला नको, एवढंच सांगितलं. तुम्ही विचारलंत, "मधून हवा जाऊ द्यायची, का अडवायची?" चाचा, सगळी गोष्ट त्या एका प्रश्नात आहे. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती तंतूंमध्ये शिरली, घासली, की तिची ताकद किंचितशा उष्णतेत जिरते. आत शिरायलाच जागा नसेल तर ती परत फिरते. तुम्ही कापूस पुन्हा पिंजलात, हाताने मोकळा करत भरलात आणि म्हणालात, "कापूसले दम लेवाले जागा ठेवनी पडस." वरच्या कापडासाठी रेक्झिन बाजूला सारून मांजरपाट काढलंत, तोंडाला लावून फुंकर मारलीत आणि पलीकडे हाताला वारा लागल्यावरच कापायला घेतलंत.

सगळ्यात मोठं काम टाक्यांचं. गादी आडवी असते, पॅनल उभं. नुसता भरलेला कापूस काही महिन्यांत खाली बसला असता आणि वरचा भाग पोकळ राहिला असता. तुम्ही वीतभर अंतरावर आरपार टाके घातलेत. सैल, कापड जेमतेम दबेल इतकेच. प्रत्येक टाक्यानंतर चौकट उभी करून थोपटून बघत होतात. ते बघत मी किती वेळ उभा होतो, मला कळलंही नाही.

तेव्हा एक सांगायचं राहिलं. 1895 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात आवाज इतका घुमायचा की वक्त्याचं बोलणं कळत नसे. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या रात्री आणून तिथे मांडल्या आणि गाद्या वाढतात तसा घुमणारा आवाज किती लवकर विरतो, हे मोजलं. खोलीत आवाज कसा घुमतो, याचं आजचं शास्त्र त्या गाद्यांवर उभं आहे. तुमच्या धंद्याचा त्यात मोठा मान आहे.

पॅनल मी भिंतीपासून चार इंच सोडून लावलेत. भिंतीला चिकटून हवा फारशी हलतच नाही, थोडं पुढे जास्त हलते. त्यामुळे तेवढाच कापूस खालच्या सुरांवर जास्त काम करतो. दोन जाड पॅनल कोपऱ्यांत तिरपे उभे केलेत. कापूस पेट घेतो, म्हणून वायरिंग आणि दिवा लांब आहे, उदबत्तीही खोलीबाहेरच. रस्त्यावरचा ट्रॅक्टर अजून ऐकू येतो. तो अडवायला जड भिंत आणि बुजवलेल्या फटी हव्यात, पॅनलचं ते कामच नाही.

परवा आमच्या गल्लीतल्या आजींनी ओवी म्हटली. हेडफोन लावून स्वतःलाच ऐकलं आणि म्हणाल्या, "आज मना आवाज माले बी चांगला लागना." श्वास घेतल्याचं कळतं, शब्दाशब्दातली फट कळते. मनापासून आभार, चाचा.

छताचे दोन पॅनल राहिलेत. चौकटी तयार आहेत, पाऊस उघडला की घेऊन येतो. मागच्या वेळी टाक्यांची मजुरी तुम्ही धरलीच नव्हती. या वेळी ती धरूनच हिशोब करा.

तुमचा,
ओव्यांवाला