निकाल पटला नाही, मग पुढे काय?

संपादक महोदय,
अमेरिकेत अध्यक्षपदाचा निकाल पटला नाही की सगळे नुसते चिडतात, पण रस्ते आहेत की. रिकाउंट मागा, राज्याच्या कोर्टात जा, फक्त वेळ फार कमी असतो, 2000 साली फ्लोरिडात फरक अवघा 537 मतांचा आणि सुप्रीम कोर्टानं 12 डिसेंबरला फेरमोजणी कायमचीच थांबवली, झालं, संपलं. 2020 ला ट्रम्प यांच्या बाजूने साठहून जास्त केसेस झाल्या, जवळपास सगळ्या फेल, पुरावाच नसेल तर जज तरी काय करणार! काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, आक्षेप घ्यायचा तर 2022 च्या कायद्यानं आता दोन्ही सभागृहांत एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. मोर्चे काढा, शांततेत काढा, पण मला विचाराल तर मतमोजणीला निरीक्षक म्हणून बसलेला माणूस जास्त कामाचा, कोर्टात त्याच्या शपथपत्राला निदान वजन तरी असतं.
- एक वाचक