बोन्सायसाठी डोंगर खणण्याची गरज नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आमच्या बालाघाटाच्या पट्ट्यातील काही रोपवाटिकांमध्ये अलीकडे एक नवा माल दिसू लागला आहे. बोर, हिवर, खैर, सीताफळ यांची मनगटाहून जाड खोडे, वरून दीड-दोन फुटांवर करवतलेली आणि बुडाशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, 'बोन्सायसाठी तयार खोड' म्हणून मांडलेली असतात. ही खोडे कुणी कुंडीत वाढवलेली नसतात. माळावरून, गायरानातून आणि वनविभागाच्या हद्दीतील उतारांवरून ती पहारीने काढून आणलेली असतात. मी स्वतः बरीच वर्षे हा छंद जोपासतो आहे, त्यामुळे बोन्सायला विरोध म्हणून हे पत्र लिहीत नाही. डोंगरावरचे जुने झाड या कामासाठी काढू नये आणि तसे काढण्याची गरजही नाही, एवढेच मला वाचकांपुढे मांडायचे आहे.

अशा खोडांचा मोह का पडतो, हे मला चांगले ठाऊक आहे. वर्षाकाठी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. वीतभर मातीखाली मुरूम. शेळ्यांनी दर हंगामात खुडलेले शेंडे आणि सरपणासाठी झालेली तोड, या सगळ्यांतून तगलेले बोराचे किंवा हिवराचे झाड कमरेएवढेच राहते, पण त्याचे खोड पिळदार, गाठाळ आणि बुडाशी रुंद होते. कुंडीत लावलेल्या रोपाला तो आकार यायला माणसाची उमेद संपते. तेव्हा पहार आणि कुऱ्हाड घेऊन डोंगर चढणे हा जवळचा मार्ग वाटतो.

हा जवळचा मार्ग बहुतेक वेळा उकिरड्यावर संपतो, आणि त्याचे कारण मुळांत आहे. बाभूळवर्गातली आपली झाडे, तसेच बोर, पळस, अंजन ही पाण्याच्या शोधात सोटमूळ खोलवर उतरवतात आणि खोडाजवळ तंतुमुळे फार कमी ठेवतात. रोपवाटिकेतले गोणपाट सोडून पाहिले, तर आत अंगठ्याएवढे जाड, तिरपे तुटलेले, साल सोललेले मूळ दिसते. पाणी शोषणारे केसासारखे मूळ शोधूनही सापडत नाही. तरीही आषाढात त्या खोडाला हिरवे फुटवे येतात आणि गिऱ्हाईक खूश होते. ती पालवी खोडात साठलेल्या अन्नावर आलेली असते, तिचा नव्या मुळांशी काही संबंध नसतो. साठा सरला की पाने माना टाकतात. विकणाऱ्याचे पैसे तोवर खिशात गेलेले असतात, आणि घेणारा 'पाणी कमी-जास्त झाले असेल' म्हणून स्वतःलाच दोष देत बसतो.

असे झाड जगवून आणण्याची रीत आहे, पण ती सावकाशीची आहे. एका पावसाळ्यात झाडाच्या अर्ध्या बाजूने चर खणून मुळे कापायची, चर चाळलेल्या मातीने भरायचा, पुढच्या पावसाळ्यात उरलेली बाजू कापायची आणि खोडाजवळ तंतुमुळांचे जाळे झाल्यावरच झाड उचलायचे. टेम्पो भरून माल आणणाऱ्याकडून ही अपेक्षा कुणी करू नये.

झाड निघाल्यावर डोंगरावर काय उरते, याकडेही पाहिले पाहिजे. उतारावरचा मुरूम याच खुरट्या झुडपांनी धरून ठेवलेला असतो आणि पहारीने केलेला खड्डा पहिल्याच जोरदार पावसात घळ होऊन बसतो. सीताफळाची गोष्ट तर थेट पोटाशी निगडित आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; धारूर-अंबाजोगाईच्या डोंगरांतली ही फळे गोळा करून बाजारात विकणाऱ्या बायाबापड्यांचा दिवाळीच्या सुमाराचा खर्च त्यांवर भागतो. जे झाड हंगामात टोपल्या भरून फळे देते, ते कुणाच्या गच्चीवर वाळण्यासाठी एकदाच विकले जाते, हा कुठला व्यवहार?

कायद्याचे सांगायचे तर, राखीव वनातून झाड तोडणे किंवा वनोपज नेणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. नायगाव मयूर किंवा येडशी रामलिंग घाट यांसारख्या अभयारण्यांना त्यावर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचेही कवच आहे. गायरान म्हणजे कुणाचेच नाही, हा समज मात्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे.

जपानचे नाव घेऊन या खणण्याचे समर्थन केले जाते, म्हणून त्याविषयी थोडे. तिथे डोंगरातून झाडे आणण्याची जुनी परंपरा होती, हे खरे आहे. इतोइगावा भागातील कड्यांवरचे शिंपाकू जातीचे ज्युनिपर मिळवण्यासाठी लोक दोरांना लटकत आणि जिवावर उदार होत. त्याचा परिणाम असा झाला की रानातला साठा जवळजवळ संपला आणि आज तिथले व्यावसायिक याच झाडांच्या फांद्यांपासून रोपे तयार करून ती शेतात वाढवतात. आपण त्यांच्या चुकीपासून सुरुवात करण्याचे काही कारण नाही.

मग जाड, जुने खोड आणायचे कुठून? मराठवाड्यात याचे उत्तर प्रत्येक गावात भिंतीला चिकटलेले आहे. पडक्या गढ्या, माळवदांच्या भिंती, विहिरींचे कठडे, पाण्याच्या टाक्यांचे सांधे, जिथे पाखरांची विष्ठा पडते तिथे वड, पिंपळ, पायर, उंबर रुजतात आणि दगड फोडू लागतात. ती झाडे मालकाला नकोच असतात. वडवर्गातले झाड बोन्सायला सर्वांत सोशीक असते, आणि भिंतीतल्या चिरांत त्याची मुळे पसरट वाढल्यामुळे उथळ कुंडीत बसायला ती आधीच तयार असतात. मालकाच्या परवानगीने, जूनअखेर ते ऑगस्टच्या ओल्या हवेत, छिन्नीने चुना मोकळा करून झाड काढावे. मूळ ओढून तोडू नये, बारीक करवतीने कापावे. खोड हव्या त्या उंचीवर छाटल्यावर चीक वाहतो, तो थांबू द्यावा, मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी आणि जाड वाळू व विटांच्या खड्यांच्या मिश्रणात लावून सावलीत ठेवावे. वरून प्लास्टिकची सैल पिशवी घातली तर दमटपणा टिकतो. फुटवे आले म्हणून लगेच खत घालू नये, आकार देण्यासाठी तार बांधू नये, उपटून मूळ तर अजिबात पाहू नये. ते वर्ष झाडाचे स्वतःचे असते. संरक्षित किल्ले, लेणी आणि बारवा यांना मात्र कुणी हौसेने हात लावू नये, ते काम पुरातत्त्व विभागाचे आहे.

दुसरा साठा शेतात आहे. तेल्या रोगामुळे किंवा भाव पडल्यामुळे डाळिंबाच्या बागा काढल्या जातात, पाण्याअभावी जालना-पैठणकडच्या मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड पडते आणि ही खोडे बांधावर जाळली जातात. डाळिंबाचे जुने खोड छाटल्यावरही फुटते आणि त्याचा पीळ पाहण्यासारखा असतो. मर रोग लागलेली झाडे घेऊ नयेत, तेल्याच्या बागेतले झाड दुसऱ्या डाळिंब बागेजवळ नेऊ नये, एवढी काळजी पुरे. शेतकऱ्याला सरपणापेक्षा चार पैसे जास्त मिळाले तर तो खोड जपून काढून देईल.

खोड एवढे छाटणे क्रूर नव्हे का, असे विचारणारेही भेटतात. द्राक्षबागायतदार वर्षातून दोनदा वेल छाटतो, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडत नाही. छाटणीने झाड मरत नाही. मूळ तोडून, खड्डा उघडा टाकून, टेम्पोत उन्हात नेल्याने मरते.

माझी विनंती मुख्यतः प्रदर्शने भरवणाऱ्या मंडळांना आहे. प्रवेशिकेवर झाडाचे नाव आणि अंदाजे वय लिहून घेता, त्यासोबत ते कुठून आणले हाही रकाना ठेवावा, आणि डोंगरातून किंवा गायरानातून खणलेले झाड स्पर्धेत घेऊ नये. बक्षीस मिळणार नसेल तर अशा खोडांना भाव राहणार नाही. रोपवाटिकांनीही गिऱ्हाइकाने विचारल्यास खोडाचा ठावठिकाणा सांगितला पाहिजे, आणि गिऱ्हाइकाने तो विचारला पाहिजे. वनविभागाने जून-जुलैत या मालाची एकदा तपासणी केली तर उत्तमच.

आपला,
एक बोन्सायप्रेमी वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड