या जूनमध्ये मी येत नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचे असे तीन रविवार ठरवले आणि तिन्ही वेळा आईने "तिकीट काढलेस का?" असे विचारताच मी विषय बदलला, म्हणून आता लिहिते आहे. या जूनमध्ये मी कायमची परत येत नाही. आमच्या शाळेतील मुलींच्या एका हाउसची जबाबदारी सप्टेंबरपासून घेण्याचे मी मान्य केले असून होकाराचे पत्र गेल्या सोमवारी देऊनही झाले. विचारून ठरवले नाही, ठरवून सांगते आहे, हे बाबांना लागेल याची मला कल्पना आहे. काकूंच्या वेळीही असेच झाले होते आणि त्यानंतर घरात किती दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हते, ते मी विसरलेले नाही.

बाबा मागे म्हणाले होते, "म्हणजे वसतिगृहाची रेक्टरच ना? त्यासाठी इतक्या लांब कशाला राहायचे?" तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आज ते एका हेडमास्तरांच्या निमित्ताने देते, कारण बाबांसारख्या हेडमास्तरांना हेडमास्तरच लवकर पटतात.

फ्रेडरिक विल्यम सँडरसन हे त्यांचे नाव. जन्म १८५७ चा, इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील ब्रान्सपेथचा. वडील तेथील जमीनदाराच्या कचेरीत नोकरीला होते. केंब्रिजला गणित शिकून १८८५ मध्ये सँडरसन लंडनच्या डलिच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले आणि तेथे त्यांनी मुलांसाठी इंजिनिअरिंगचे शिक्षण उभे केले. १८९२ मध्ये ते नॉर्दॅम्प्टनशरमधील आउंडल येथील निवासी शाळेचे हेडमास्तर झाले. मागच्या सुटीत मी ते गाव पाहून आले. नेन नदीच्या काठचे, पिवळसर दगडी घरांचे लहानसे गाव आहे. बाबांना हसू येईल, पण ही शाळा १५५६ मध्ये लंडनच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रामुळे नव्याने उभी राहिली आणि तिचा कारभार ग्रोसर्स कंपनी या व्यापाऱ्यांच्या जुन्या संघाकडे आला.

सँडरसन आले तेव्हा शाळेत अवघी ९२ मुले होती. त्या काळी अशा शाळांचा हेडमास्तर बहुधा पाद्री असे आणि लॅटिन-ग्रीक आले म्हणजे शिक्षण झाले, असा समज होता. हे गृहस्थ पाद्री नव्हते आणि त्यांना शाळेत लेथ, भट्टी व ओतशाळा हवी होती. सुरुवातीची काही वर्षे जुन्या शिक्षकांनी आणि मुलांनीही त्यांना नीट चालू दिले नाही. तेही तापट होते आणि छडी सढळ हाताने वापरत. (आई, हे वाचताना बाबांकडे पाहू नकोस.) पुढे ती छडी त्यांच्या हातून आपोआप सुटली, कारण मुलांना मनासारखे काम मिळाल्यावर तिची गरज उरली नाही. लॅटिनमध्ये अडकून पडलेला, स्वतःला मठ्ठ समजणारा मुलगा कार्यशाळेत यंत्राचा एखादा भाग बिनचूक करून दाखवी आणि मग हळूहळू पुस्तकातही त्याचे डोके चालू लागे. नंबरासाठी एकमेकांशी झुंजण्यापेक्षा मुलांनी गटाने एक काम तडीस न्यावे, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्या महायुद्धात याच कार्यशाळेतून वुलिचच्या कारखान्यासाठी दारूगोळ्याचे सुटे भाग तयार होत असत. तो भाग वाचताना मला अस्वस्थ वाटले. सँडरसन तीस वर्षे तेथेच राहिले आणि त्यांच्या अखेरीस पटावर पाचशे मुले होती. पुढे चीनच्या विज्ञानाचा इतिहास लिहिणारे जोसेफ नीडम हे त्यांचेच विद्यार्थी.

पण मला सर्वांत आवडले ते त्यांच्या प्रयोगशाळेचे दार. ते कधीच बंद नसे. घातक रसायने तेवढी कुलपात असत. बाकी कोणताही मुलगा वाटेल तेव्हा आत जाऊन, शिक्षक नसतानाही, आपले काम करू शकत असे. हे वाचले आणि मला आपल्या शाळेतील ते हिरवे कपाट आठवले. सूक्ष्मदर्शक एकच, त्याची किल्ली बाबांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात आणि "हेडमास्तरांची मुलगी म्हणून तुला आधी मिळणार नाही" हे ठरलेले उत्तर. मी पाचवीत असताना, माझा ताप उतरला त्या रात्री, बाबांनी तो घरी आणला होता. आईने पोह्यांसाठी चिरत असलेल्या कांद्याची साल बाबांनी चिमट्याने सोलली, काचेवर ठेवली, वर आयोडिनचा थेंब टाकला आणि मला मांडीवर घेऊन डोळा लावायला सांगितले. विटा रचाव्यात तशा त्या पेशी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. बाबा, तुम्ही कुलूप का लावत होता ते मला आता कळते. तो फुटला असता तर दुसरा घ्यायला पैसे कोठून येणार होते? माझ्याकडे मात्र सहा सूक्ष्मदर्शक आहेत आणि संध्याकाळी ती खोली उघडी ठेवण्याची परवानगी मिळाली आहे. हाउस सांभाळायचे म्हणजे दार उघडे ठेवून तेथेच राहायचे. वर्षभराच्या पाहुणीला ते जमत नाही, म्हणून मी थांबते आहे.

माझी काळजी करू नका. हाउसला लागूनच मला राहायला तीन खोल्या आहेत, हीटर चांगला चालतो, स्वयंपाकघर स्वतंत्र आहे आणि पिठले-भात करता येतो. दुपारचे जेवण शाळेतच असते. ते फिके असले तरी गरम असते. मी वाळले आहे असे आईला व्हिडिओत दिसते, तो केवळ उजेडाचा दोष आहे.

सँडरसन यांचा एक मुलगा १९१८ मध्ये युद्धात मारला गेला. हे तुम्हाला लिहावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. त्यानंतरही ते काम करीत राहिले, थकत गेले आणि कोणाचे ऐकले नाही. १५ जून १९२२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांचे व्याख्यान होते, अध्यक्षस्थानी लेखक एच. जी. वेल्स होते. भाषण संपले आणि प्रश्नोत्तरे सुरू होण्याआधीच ते व्यासपीठावर कोसळले आणि गेले. वय पासष्ट. बाबा, तुम्हाला एकाहत्तरावे सुरू आहे.

म्हणून आता स्पष्ट लिहिते. शाळेच्या सुवर्णमहोत्सवात तुम्ही बोलाल, पण खुर्चीत बसून आणि वीस मिनिटांच्या आत. मांडव उन्हात असेल तर सरळ नाही म्हणायचे. अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्या "आज बरे वाटते" म्हणून सोडायच्या नाहीत. डबीवर मी वार लिहिले आहेत, ते शोभेसाठी नाहीत. आई, तू माळ्यावर चढायचे नाही, डबे स्वयंपाकाच्या मावशींना काढू दे आणि गुडघ्याची तारीख पुन्हा पुढे ढकलू नकोस. रागाने लिहीत नाही, इतक्या लांबून दुसरे काही करता येत नाही म्हणून लिहिते.

नाताळच्या सुटीत मी तीन आठवडे येते आहे. हे तिकीट मात्र खरोखरच काढले आहे. तोवर लोणचे कुरिअरने पाठवू नका, मागच्या वेळी बरणी फुटून सगळ्या पुस्तकांना तेल लागले होते.

तुमची,
चिमी