खडूच्या रेघेबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

सस्पेन्शन स्ट्रॅपवर, म्हणजे वर टांगलेल्या दोन हँडलच्या पट्ट्यांवर, क्लायंटकडून व्यायाम करून घेण्याचे काम मी आपल्या हाताखाली शिकलो, त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षे होतील. समोर आभार मानू लागलो की आपण "क्लायंट थांबलाय, तिकडे बघा" म्हणून विषय संपवता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

शाळेत असताना मी दोरीचा मल्लखांब करत असे आणि त्याचीच मला घमेंड होती. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी पकडून ज्याने सगळे अंग तोलले, त्याला दोन हँडल असलेल्या पट्ट्यांचे काय कौतुक, असे मला वाटे. पण मल्लखांबाचे ते अंग लहानपणापासून घडवलेले असते आणि माझ्यासमोर उभे होते दिवसभर संगणकापुढे बसणारे पन्नाशीतले गृहस्थ, हे मी ध्यानात घेतले नाही. पहिल्याच दिवशी मी त्यांचे पाय पट्ट्यांत अडकवून त्यांना दंड मारायला लावले. तिसऱ्या दंडाला त्यांच्या कमरेला झोळीसारखा झोल आला, तरी मी मोजतच राहिलो. पुढचे दोन दिवस त्यांची कंबर धरली होती.

आपण मला रागावला नाहीत. आपण खडू आणलात, मला अँकरकडे, म्हणजे पट्ट्या जिथे टांगलेल्या असतात त्या जागेकडे, तोंड करून हँडल धरायला लावलेत, हात सरळ ठेवून मागे रेलायला सांगितलेत आणि माझ्या टाचांमागे फरशीवर रेघ ओढलीत. त्या रेघेवरून मी दहा वेळा छाती हँडलकडे ओढली. मग आपण अँकरच्या दिशेने वीतभर पुढे दुसरी रेघ ओढून तोच व्यायाम करायला सांगितलात आणि आठव्या वेळेला माझे हात थरथरू लागले. वजनाची एकही प्लेट न बदलता, केवळ शरीर अधिक आडवे झाल्यामुळे, माझ्याच वजनाचा मोठा हिस्सा हातांवर आला होता. स्ट्रॅपवर वजन वाढवायचे ते पावलांनी, हे मी पुस्तकात वाचले होते. कळले मात्र त्या वीतभर अंतरात. पावले फाकवली की आधार वाढतो, जुळवली की तोल सांभाळावा लागतो, हेही आपण त्याच रेघेवर दाखवलेत.

बोलणे कमी करणे मला याहून जड गेले. छाती पुढे लोटण्याच्या व्यायामात पट्टा दंडाला घासतो, ओढताना मध्येच ढिला पडतो किंवा एक हँडल वर आणि दुसरे खाली होऊन करवत चालल्यासारखा सरकतो. हे सगळे एका दमात सांगून मी क्लायंटला गोंधळात टाकत असे. एका वेळी एकच चूक सांगायची आणि आधी डोक्यापासून टाचेपर्यंतची रेषा सरळ करायची, हा आपला नियम. साठीतल्या एका काकूंना पोट आवळण्याचे मी चार प्रकारे समजावले. आपण येता येता "पदर खोचताना पोट आत घेता ना, तसं" एवढेच म्हणालात आणि त्यांची कंबर जागेवर आली. ते वाक्य मी तेव्हापासून बिनदिक्कत वापरतो.

रोज सकाळी पहिल्या क्लायंटच्या आधी पट्ट्यांची शिवण बोटांनी चाचपण्याची आणि अँकरवर आपले वजन टाकून पाहण्याची सवयही आपलीच. अमेरिकी नौदलाच्या सील दलातील रँडी हेट्रिक यांनी 1997 मध्ये ज्युजुत्सूचा पट्टा आणि पॅराशूटची पट्टी जोडून असे आपले पहिले साधन बनवले, हा किस्सा सांगताना आपण न विसरता जोडता, "त्यांनी स्वतःच शिवलं होतं, आपण विकत घेतलेलं तरी तपासू या."

ते पन्नाशीतले गृहस्थ आपण समजूत घातल्यामुळेच परत आले. आता ते स्वतःच खडू मागून घेतात. त्यांची या महिन्याची रेघ पहिल्या रेघेपेक्षा तीन वितींनी अँकरच्या जवळ आहे. सफाईच्या मावशी मात्र त्या रेघांवरून रोज कुरकुरतात, म्हणून आता फरशीवर कायमची रंगीत पट्टी चिकटवावी असा विचार आहे. आपली परवानगी असावी.

आपला विद्यार्थी